हजेरीतलं शेवटचं नाव

वर्ग गप्प करणं मला नोकरीच्या पहिल्या वर्षी जितकं छान जमायचं तितकं पुढं कधीच जमलं नाही. त्या वेळची मी डोळ्यांसमोर आली की तिचा कान पिरगाळावासा वाटतो. खळ केलेलं पातळ, मनगटाच्या आतल्या बाजूला वळवलेलं घड्याळ, हातात लाकडी पट्टी, आणि वर्गात पाऊल टाकताच पहिला हुकूम : ‘हाताची घडी, तोंडावर बोट!’ चाळीस पोरं चाळीस बोटं ओठांवर ठेवून बसायची. तास मराठीचा असायचा. पोरांना बोलायला शिकवायला सरकारनं मला पगार द्यायचा, आणि मी त्यांची तोंडं बंद करून बसायची. शिवाय शेजारच्या वर्गातल्या गुरुजींकडं मान ताठ करून बघायची.

एखादं पोर रडत सांगायला यायचं, ‘बाई, हाऊ माले मारस.’ की मी लगेच, ‘नीट बोल. हा मला मारतो, असं म्हण.’ ते बिचारं ‘हा... मला...’ करत वाक्य जुळवेपर्यंत मागच्यानं त्याला आणखी दोन ठेवून दिलेल्या असायच्या. आणि मी कोण? तापीकाठच्या शेतकरी घरातली सून. शाळा सुटली की घरी येऊन सासूबाईंना अहिराणीतच विचारणारी, ‘काय करी ऱ्हायनात?’ शाळेची मराठी मी सकाळी पातळाबरोबर नेसायची आणि संध्याकाळी पातळाबरोबर सोडून ठेवायची. ह्यांना त्याची फार गंमत वाटायची. मी दारात चपला काढत असले की विचारायचे, ‘उनी का बाई? का अजून मॅडमच शेतस?’ म्हणजे, बाई घरी आली, की अजून मॅडमच आहेत?

पट्टी हातातून कधी सुटली ते आठवत नाही. केस पांढरे व्हायला लागले तसं एक कळलं. उधळलेलं पोर ओरडून थांबत नाही. त्याच्याजवळ जायचं, हळू आवाजात त्याचं नाव घ्यायचं, आणि पुढं काही बोलायचं नाही. दम नाही, उपदेश नाही. नुसतं नाव. पोर वळून बघतं. बघितलं की निम्मं काम झालं. आपलं नाव ऐकून न वळलेलं पोर मला उभ्या नोकरीत भेटलं नाही.

त्यामुळं माझ्या वर्गात हजेरी हा मोठा सोहळा असायचा. एकेक नाव सावकाश घ्यायचं, पोरानं माझ्याकडं बघून ‘हजर’ म्हणायचं. एखादं आलेलं नसेल तर सगळा वर्ग एका सुरात त्याचा पत्ता सांगायचा. ‘बाई, तो मामाकडे गया!’ ‘बाई, ती कापूस येचाले गयी!’ हे ओरडणं मी कधीच बंद केलं नाही. कुणी कुठं गेलंय हे बाकीच्यांना माहीत असावं, एवढंच.

या सगळ्यात एक नाव मात्र मी कधी घेतलं नाही. आमच्या ह्यांचं.

आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी चुलीपुढं बसवून सांगितलं होतं. मी शिकलेली, डी.एड. झालेली. मनात म्हटलं, कसलं काय. पण घेतलं नाही. ह्यांना बोलवायचं असलं की ‘आयकं का’ म्हणायचं, नाहीतर भांडं जरा जोरात आपटायचं. त्यांना बरोबर कळायचं. पंचाईत शाळेत झाली. ह्यांचं नाव त्या काळी घरोघरी. दरवर्षी वर्गात त्या नावाचा एक तरी पोरगा असायचाच, एका वर्षी तर तिघं निघाले. मी त्यांना ‘खिडकीजवळचा’, ‘लाल सदऱ्याचा’ अशा हाका मारायची. शेवटी युक्ती काढली : सगळ्या वर्गाची हजेरी नावांऐवजी आकड्यांनी. एकदा साहेब तपासणीला आले आणि ती हजेरी ऐकून खूश झाले. अंकांचा सराव उत्तम, असा शेरा देऊन गेले. मी तो शेरा घरी येऊन ह्यांना वाचून दाखवला, तेव्हा ते इतके हसले की चहा सांडला. म्हणाले, ‘एक मन्हं नाव लेवानी लाज, आनि पुरी शाळाले गनित शिकाडं!’

पुढं त्या नावाच्या पोरांसाठी नावाच्या जागी आडनाव घेऊन भागवलं, बाकीच्यांची नावं परत आली, आणि तशीच मी निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर शाळा मला सोडवेना म्हणून घराच्या ओट्यावर वर्ग सुरू केला. संध्याकाळी ऊन उतरलं की गल्लीतली पोरं येतात. आमच्या मळ्यात राहणाऱ्या, वर्षाच्या बोलीनं राबणाऱ्या सालदाराची दोन येतात. ती सातपुड्यातली, घरी पावरी बोलणारी. मराठीचं पुस्तक वाचायचं, गोष्ट सांगायची, कोण काय बोललं ते फळ्यावर लिहायचं. तिसरीतली एक पोरगी मी मॉनिटर नेमली, कारण सगळ्यात जास्त बडबड तीच करायची. हे आणखी एक मला उशिरा कळलेलं शहाणपण.

दोन वर्षांपूर्वी कापसाची वेचणी चालू असताना ह्यांना शेतातच लकवा मारला. उजवा हात गेला, पाय ओढत चालू लागले, आणि बोलणं गेलं. सगळं नाही. एक शब्द तेवढा राहिला : ‘साला.’

या माणसानं जन्मात बैल सोडून कुणाला शिवी दिली नव्हती. आता चहा हवा, ‘साला.’ ऊन लागतंय, ‘साला.’ सुरतेहून मुलगा भेटायला आला, त्याच्या डोक्यावरून डावा हात फिरवत, डोळ्यांत पाणी आणून, ‘साला... साला...’ मुलगा आत येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. मला म्हणाला, ‘आई, पप्पांना काय म्हणायचंय?’ मी म्हटलं, ‘तू वाळलास असं म्हणतायत.’ बरोबर असावं ते.

ह्यांची बाज आम्ही ओट्याच्या कोपऱ्यात टाकली, म्हणजे जरा माणसं दिसतील. आणि माझ्या वर्गाला एक नवा विद्यार्थी मिळाला. असा विद्यार्थी मी नोकरीत पाहिला नव्हता. मी गोष्ट रंगात आणली की हा काठी आपटणार. पोरं वाचायला लागली की मध्येच ‘साला!’ पोरं फिदीफिदी. चार दिवसांत आख्खी गल्ली गोड आवाजात ‘साला’ म्हणायला लागली आणि आया माझ्याकडं तक्रार घेऊन यायला लागल्या. मी एक दिवस बाज आत नेली. ते उंबऱ्यापाशी येऊन तासभर दाराच्या चौकटीवर काठी मारत राहिले. दुसऱ्या दिवशी बाज परत बाहेर.

पोरांना मी सांगितलं, ‘आबांचे सगळे शब्द हरवलेत. एकच सापडला, म्हणून ते तोच वापरतात. तुमच्याकडे एकच चड्डी असती तर तुम्ही रोज तीच घातली नसती?’ पोरांना ते पटलं. त्यानंतर कुणी हसलं नाही. पण ह्यांचं काठी आपटणं काही थांबलं नाही, आणि मला वर्ग हातात ठेवायची माझी एकमेव विद्या तिथं वापरता येईना.

नंदुरबारच्या दवाखान्यात बोलणं शिकवणारी एक मुलगी होती, माझ्या नातीएवढी. ती चित्रं दाखवायची, कप, गाय, घर. हे प्रत्येक चित्राला शिवी द्यायचे. ती म्हणायची, ‘छान, आबा!’ एक दिवस तिनं मला बाजूला घेतलं.

‘आजी, ह्यांना घरात नावानं कोण हाक मारतं?’

‘सगळे आबाच म्हणतात.’

‘तसं नाही. लहानपणापासूनचं नाव. ते खूप खोल असतं. रोज त्यांच्यासमोर बसून, डोळ्यांत बघून, त्या नावानं हाक मारा. आणि लवकर सुरू करा बरं का. पहिले काही महिने फार महत्त्वाचे असतात.’

परतीच्या बसमध्ये मी विचार करत बसले. ह्यांना नावानं हाक मारणारं कोण उरलंय? आई कधीच गेली. थोरले भाऊ गेले. रनाळ्याला एक दोस्त होता, भरबाजारात लांबून नाव घेऊन ओरडायचा, तोही गेला. जाऊबाई म्हणजे थोरल्या भावांची बायको, आमच्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात राहतात. त्या ह्यांना ‘धाकला’ म्हणतात. माझ्या शेजारी खिडकी धरून हे बसलेले होते आणि बाहेर केळीच्या बागा मागं पळत होत्या. माणूस म्हातारा होत गेला की एकेक करत त्याचं नाव घेणारी तोंडं बंद होतात, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. जगात ते नाव घेऊ शकेल असं तोंड एकच उरलं होतं, आणि ते माझं.

घरी येऊन जाऊबाईंना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. ‘नको वो बाई. असं काई करू नको. तेन्हं आयुष्य कमी व्हई.’

मला हसू आलं. जाऊबाईंनी आपल्या नवऱ्याचं नाव जन्मात घेतलं नव्हतं, तरी दादा साठीतच गेले. हे उत्तर माझ्या जिभेवर होतं. माझी जीभ तशी फार काळ उत्तर ठेवून घेत नाही. पण ते बोलले नाही, आणि बरंच झालं, कारण रात्री जेवताना ह्यांच्या समोर बसले, तोंड उघडलं, आणि नाव काही बाहेर आलं नाही. हे माझ्याकडं घास हातात धरून बघत होते. ‘साला?’ असं त्यांनी विचारलं. ‘काही नाही, आमटी वाढू का,’ म्हटलं.

एवढी शिकलेली बाई! चाळीस पोरांना ‘लाजू नका, मोठ्यानं बोला’ म्हणून ओरडणारी! मी स्वतःलाच पट्टी दाखवली. उपयोग झाला नाही.

मग मी पळवाटा शोधू लागले. त्यात मी पहिल्यापासून हुशार. ह्यांना वर्गाच्या हजेरीत घ्यायचं आणि नाव मॉनिटरकडून घ्यायला लावायचं ठरवलं. मला ते बोलता येईना म्हणून पाटीवर लिहून तिच्यापुढं धरलं. तिनं अक्षरं जुळवत वाचलं आणि डोळे मोठे केले.

‘बाई, हाई तर आबानं नाव शे!’

‘शे ना. घे हजेरीत.’

‘नही वो बाई. मोठास्नं नाव लिधं का पाप लागस.’

‘कोण म्हणतं?’

‘मन्ही माय.’ मग जरा थांबून, ‘तुम्हीच ल्या ना. तुम्ही तर शिकेल शेतस.’

सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. मी खडू शोधायला वाकले. खडू हातातच होता.

दुसरी पळवाट उखाण्याची. उखाण्यात नाव चालतं. लग्नात, हळदीकुंकवात मीही घेतलं होतं, भरभर, एका दमात. त्या संध्याकाळी पोरांना म्हटलं, आज कविता नाही, उखाणा. उभी राहिले, पदर डोक्यावर घेतला आणि म्हटलं :

‘फळ्यावर लिहिते अ, आ, इ,
...रावांचं नाव घेते, पोरांनो, नका करू घाई!’

मधलं नाव मी खरंच घेतलं, मोठ्यानं. पोरांनी टाळ्या पिटल्या. हे अर्ध्या तोंडानं हसले, लग्नात हसले होते तसे, आणि ‘साला’ म्हणाले. पण वळून बघितलं नाही. वळून बघण्यासारखं त्यात काही नव्हतंच. उखाण्यातलं नाव नवरदेवाच्या घोड्यासारखं सजवलेलं असतं, ते बघणाऱ्यांसाठी असतं. नाव घेणं वेगळं, हाक मारणं वेगळं.

असे दिवस जात राहिले. उद्या मारू. संक्रांत होऊ दे. मुलगा येऊन जाऊ दे. दवाखान्यातली मुलगी विचारायची, ‘हाक मारताय ना, आजी?’ मी मान डोलवायची. नकार आहे की होकार, हे कळणार नाही अशी.

उन्हं तापायच्या आधी ह्यांना आणखी एक हलका झटका आला. दवाखान्यात चार दिवस राहून परत आणलं. बाज ओट्यावर टाकली, वर्ग भरला. मी गोष्ट सांगितली, काठी आपटली नाही. पोरांनी धडा वाचला, ‘साला’ आलं नाही. पोरं वाचता वाचता थांबून कोपऱ्याकडं बघत होती. हे हात मांडीवर ठेवून समोर कुठंतरी बघत बसले होते. एकदम शहाणा विद्यार्थी. माझ्या पहिल्या वर्षीच्या वर्गात शोभला असता.

मॉनिटर म्हणाली, ‘बाई, आबा काबरं चिडतस नही आज?’

मी आयुष्यभर जी शांतता मागितली ती त्या कोपऱ्यात बसली होती, आणि मला ती बघवेना. मी हजेरी परत घ्यायला सुरुवात केली. पोरांना कळेना, एकदा झालेली हजेरी परत का. तरी एकेक ‘हजर’ म्हणत गेलं. शेवटचं पोर झालं. मी उठले, बाजेपाशी गेले, खाली बसले, आणि हळू आवाजात ह्यांचं नाव घेतलं. राव नाही, आडनाव नाही. नुसतं नाव, त्यांची आई घ्यायची तसं.

ते नाव इथं लिहिणार नाही. तेवढी मी अजून सासूबाईंची सून आहे.

ह्यांनी मान वळवली. माझ्याकडं नाही. माझ्या डोक्यावरून, गल्लीच्या टोकाकडं, जिथून पूर्वी म्हशी घरी यायच्या. चेहरा लहान झाला. खेळात अडकलेल्या पोराला घरातून हाक आली की होतो, तसा. आणि इतक्या महिन्यांनी दोन शब्द, स्वच्छ, न अडखळता :

‘ऊनू, माय.’

आलो, आई.

मी तिथंच बसून राहिले, त्यांच्या गुडघ्याला धरून. मला वाटलं होतं, हाक मारली की माझा नवरा वळून बघेल. वळला होता कुणाचा तरी मुलगा. त्या नावाचा रस्ता माझ्याकडं येतच नव्हता. मी तो कधी घातलाच नव्हता.

त्यानंतर मी रोज हाक मारली. हजेरीच्या शेवटी. रोज तेच उत्तर, ‘ऊनू, माय.’ पोरांना इतकी सवय झाली की धाकटी पोरं तर ह्यांच्या आधीच पुटपुटायची. दुसरा शब्द मात्र आला नाही. दवाखान्यातल्या मुलीला मी सांगितलं, तिला फार आनंद झाला. मग मी विचारलं, ‘आधीच मारली असती तर आणखी शब्द आले असते का गं?’

तिनं चित्रांचा गठ्ठा सारखा केला. म्हणाली, ‘आता मारताय ना, आजी.’

केळीची तोडणी चालू असताना हे गेले. सकाळी, चहाच्या आधी. घर माणसांनी भरलं. म्हसावदकडचे पाहुणे आले, मुलगा आला. तिसऱ्या दिवशी जाऊबाई माझ्याजवळ बसल्या, माझा हात हातात घेतला, आणि रडत म्हणाल्या, ‘तू नाव लिधं, म्हनीसन तो गया.’

दादांचं ते उत्तर अजून जिभेवर होतं, धार लावून ठेवलेलं. मी ते गिळलं. एक तर त्या मनापासून रडत होत्या. त्यांच्या धाकल्यासाठी आता त्यांच्याशिवाय असं रडणारं कोण होतं? आणि दुसरं असं, की त्यांनी म्हणायच्या आधीच मी मनातल्या मनात हिशेब केला होता. हाक लवकर मारली असती तर बोलणं आलं असतं. मारलीच नसती तर माणूस राहिला असता. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही, हे मला कळतं. तरी दोन्ही हिशेब पाटावर शेजारी शेजारी बसलेले असतात, आणि मी दोघांनाही वाढते.

तेराव्यानंतर पोरं आपणहून ओट्यावर येऊन बसली. बाज हलवली होती. कोपरा झाडून स्वच्छ होता. पोरं इतकी शहाण्यासारखी बसली की मलाच कसंतरी झालं. कुणी तोंडावर बोट ठेवा म्हटलं नव्हतं, तरी दोघातिघांनी ठेवलं होतं. हजेरी घेतली. एकेक ‘हजर’. शेवटचं पोर झालं, आणि जिभेला सवय, नाव निघून गेलं.

निघून गेल्यावर मला कळलं. मॉनिटरनं खाली मान घातली. मी थांबले. उशिरा उत्तर देणाऱ्या पोरासाठी थांबते तेवढी.

सालदाराचं धाकटं पोर, घरी पावरी बोलणारं, अहिराणी या ओट्यावर शिकलेलं, त्यानं न आलेल्याचा पत्ता सांगावा तसा सांगितला. मोठ्यानं, सगळा वर्ग सांगतो त्याच सुरात :

‘बाई, तो तेन्ही मायकडे गया!’

मॉनिटरनं त्याला कोपर मारलं. मी म्हटलं, ‘मारू नको. बरोबर सांगितलं त्यानं.’

मग पुस्तकं उघडायला लावली. कितवं पान चाललं होतं ते मला आठवेना. कुणी एक सांगे, कुणी दुसरंच, दोघं भांडायला लागली, बाकीची त्यांत पडली, आणि ओट्यावर असा कलकलाट झाला की जाऊबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी कुणाचंच नाव घेतलं नाही. चालू दिलं.